फवारूनही झुरळं मरेनात: औषध बदलू की आधी पाणी तोडू?

शेवंती (धागाकर्ती)
९ मे, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरला प्रतापनगरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. स्वयंपाकघरात ट्रॉल्या आहेत, घर तसं स्वच्छ. मार्चपर्यंत एखादं-दुसरं झुरळ दिसायचं. एप्रिलात कूलर लावला आणि पंधरा-वीस दिवसांत अशी वाढली की रात्री पाणी प्यायला उठून दिवा लावला की ओट्यावर नुसती पळापळ. मोठी नाहीत, बोटाच्या नखाएवढी, फिकट तपकिरी. काल माठाखालची तिवई पुसायला गेले, तर ओल्या लाकडाला तोंडं लावून पाच-सहा बसलेली. त्यातल्या एकीच्या मागे अंड्यांची डबी लोंबत होती.

पेस्ट कंट्रोलवाले दोनदा येऊन गेले (नाव देत नाही). पहिल्या फवारणीनंतर दोन दिवस सुपलीभर मेली. दुसऱ्या वेळी औषधात भिजून उलटी पडली, पाय झाडत राहिली, आणि तासाभराने त्यातली काही उठून चालायला लागली. हे मी स्वतः ओट्यापाशी उभी राहून पाहिलं.

धाकट्याला रात्री खोकला येतो, दम लागतो. डॉक्टरांनी तपासणी करून झुरळांची ॲलर्जी आहे असं सांगितलं. म्हणजे झुरळंही नकोत आणि रोजची फवारणीही नको. काय करू? कोणाला यातलं नीट माहीत असेल तर कृपया सविस्तर सांगा.

---

मृदगंध
९ मे, रात्री ११:२०

ताई, खडूच्या रेघा मारून बघा. आमच्याकडे आई दर शनिवारी मारायची. आणि ट्रॉलीत तमालपत्र ठेवा.

---

संत्राबाग
१० मे, सकाळी ७:०५

तमालपत्राने आमच्याकडे काही फरक पडला नव्हता. कूलर सुरू झाला की वाढतात हे मात्र अगदी खरं, दरवर्षी बघते.

---

सहापाय
१० मे, सकाळी ९:४०

शेवंतीताई, मी बरीच वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. थोडं लांबेल, पण तुमच्या घरी काय चाललंय ते मुळातून कळलं तर पुढचं सोपं जाईल.

आधी ओळख. एक झुरळ पकडून त्याच्या डोक्यामागची ढाल बघा. तिच्यावर दोन काळसर उभे पट्टे दिसले तर ते जर्मन झुरळ, ब्लाटेला जर्मॅनिका. लांबी दीड सेंटीमीटरच्या आसपास. बारावीला आपण प्रयोगशाळेत फाडलं ते पेरिप्लॅनेटा अमेरिकाना, ते साडेतीन-चार सेंटीमीटरचं, लालसर, गटारातून आणि मोरीच्या जाळीतून वर येणारं. दोघांच्या सवयी वेगळ्या, उपाय वेगळे. तुमचं वर्णन सरळसरळ जर्मनचं आहे.

नाव जर्मन असलं तरी मूळ इकडचंच. २०२४ मध्ये १७ देशांतल्या २८१ झुरळांचे जनुक तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आशियाई झुरळापासून ही जात साधारण २१०० वर्षांपूर्वी वेगळी झाली, आणि तीही भारत किंवा म्यानमारमध्ये, माणसाच्या वस्तीला चिकटून. लिनियसने १७६७ साली नाव ठेवलं तेव्हा ती युरोपात पोहोचलेली होती, एवढंच. रानात ती सापडत नाही. माणसाचं घर हेच तिचं रान.

आता पाण्याचं. तुमच्या तिवईचा प्रसंग वाचला आणि वाटलं, उत्तर तिथेच आहे. १९५७ साली विलिस आणि लुइस या दोघांनी झुरळांना उपाशी आणि तहानलेलं ठेवून किती दिवस जगतात ते मोजलं. जर्मन झुरळाची मादी नुसत्या पाण्यावर, अन्नाशिवाय, सुमारे ४२ दिवस जगली. कोरडं अन्न भरपूर आणि पाणी अजिबात नाही, अशा स्थितीत सुमारे १२ दिवसांत मेली. अन्नही नाही, पाणीही नाही, तरी १२-१३ दिवसच. म्हणजे पाणी नसेल तर समोरचं कोरडं अन्न तिच्या काही कामाचं नाही. आपण घरात डबे घट्ट लावतो, ओटा पुसतो, आणि सिंकमध्ये रात्रभर ओल ठेवतो. तिच्या दृष्टीने आपण कुलूप चुकीच्या दाराला लावलेलं असतं.

एवढ्याशा जिवाचं अंगच मुळात पाणी वाचवण्यासाठी घडलेलं आहे. कातडीवर मेणाचा पातळ थर. अंगाच्या दोन्ही बाजूंना श्वासाची दहा जोड्या भोकं, ती गरजेपुरती उघडतात आणि मिटतात. गुदाशयातल्या जाड गाद्या विष्ठेतलं पाणी परत ओढून घेतात, म्हणून ट्रॉलीच्या कोपऱ्यात दिसणारी त्यांची घाण मिरपुडीसारखी कोरडी असते. नायट्रोजनचा कचरा पाण्यातून बाहेर टाकण्याऐवजी युरेटच्या रूपात चरबीत साठवतात, आणि त्या चरबीत राहणारे ब्लाटाबॅक्टेरियम नावाचे जीवाणू त्यातला नायट्रोजन पुन्हा कामी आणतात.

पण या सगळ्याला मर्यादा आहे. १९३५ मध्ये रॅमसे या ब्रिटिश शास्त्रज्ञाने झुरळाच्या अंगातून उडून जाणारं पाणी मोजलं. तापमान ३० अंशांच्या आसपास पोहोचलं की पाणी उडण्याचा वेग एकदम वाढतो असं त्याला दिसलं, कारण मेणाच्या थराची घट्ट रचना ढिली पडते. आता आपल्या मे महिन्यातलं स्वयंपाकघर आठवा. हवा कोरडी ठणठणीत, भिंती तापलेल्या. अशात कूलर, माठ, सिंक नसतं तर जर्मन झुरळाला नागपूरचा उन्हाळा काढता आला नसता. तो आपण त्याला काढून देतो.

---

वऱ्हाडी_कापूस
१० मे, सकाळी ११:१५

सर, पाण्याचं पटलं. पण औषधाचं काय? भिजून उलटं पडलेलं झुरळ उठून चालतं, म्हणजे त्याले औषधाची सवय होऊन राहिली का? आमच्या शेतात बोंडअळीचं असंच झालं.

---

सहापाय
१० मे, दुपारी १२:३०

सवय नाही भाऊ, आणि तुम्ही कापूसवाले आहात म्हणून तुमच्याच शेतातून सांगतो.

एका झुरळाला आयुष्यभर थोडं थोडं विष देऊन ते पक्कं होत नाही. हजारात दोन-चार झुरळं जन्मतःच अशी असतात की त्यांच्यावर ते विष चालत नाही. बाकीची मरतात, ही दोन-चार उरतात, आणि पुढची सगळी पिलं त्यांची. बीटी कपाशीत, म्हणजे अळी मारणारं जनुक घातलेल्या कपाशीत, गुलाबी बोंडअळीचं हेच झालं. बीटीच्या पाकिटाबरोबर नॉन-बीटीचं छोटं पाकीट यायचं ते कडेने पेरायचं होतं, म्हणजे साध्या अळ्या शिल्लक राहून त्यांच्या पतंगांचा कणखर अळ्यांच्या पतंगांशी संकर झाला असता. बहुतेकांनी ते पेरलंच नाही. २०१७ ला विदर्भात बोंडअळीने कापसाचं काय केलं ते तुम्ही भोगलंय. आपल्या वर्धा रोडवरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत या प्रतिकारशक्तीवर वर्षानुवर्षं काम चालू आहे. घरातल्या झुरळाकडे मात्र आपण त्या नजरेने बघत नाही. आणि त्याची एक मादी एका डबीत ३०-४० अंडी घालते, साधारण तीन महिन्यांत पिढी पुढे सरकते.

हे नवंही नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच अमेरिकेत टेक्सासमधल्या कॉर्पस क्रिस्टी गावात क्लोरडेन या कीटकनाशकाला न जुमानणारी जर्मन झुरळं सापडली होती.

तुमच्या-आमच्या घरी येतात ती फवारणीची औषधं बहुतेक पायरेथ्रॉइड गटातली: सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, इमिप्रोथ्रिन. ती मज्जातंतूवरच्या सोडियमच्या दारात अडकतात आणि दार उघडंच ठेवतात, म्हणून झुरळ थरथरतं, उलटं पडतं. प्रतिकारक झुरळात त्या दाराचा एक घटक बदललेला असतो, एका ठिकाणी ल्युसिन या अमिनो आम्लाच्या जागी फिनाइलअलॅनिन. विष नीट बसतच नाही. शिवाय पोटात पी-४५० नावाची विकरं (एन्झाइम) जास्त असतील तर ती विषाचे तुकडे करून टाकतात. ताईंनी पाहिलं ते बहुधा हेच: पडलं, तासाभरात विष पचवलं, उठलं.

प्रतिकाराचा तिसरा मार्ग मला सगळ्यात विलक्षण वाटतो, तो संध्याकाळी लिहितो. आत्ता जेवायला हाक आली.

---

मृदगंध
१० मे, दुपारी १:१०

म्हणजे खडूही त्यातलाच?

---

फवारणी_ते_जेल
१० मे, दुपारी ३:४५

हो, खडूतही पायरेथ्रॉइडच असतं. मी चौदा वर्षं याच धंद्यात आहे, नागपुरातच. सरांनी लिहिलेलं वाचून बरं वाटलं, कारण गिऱ्हाइकाला हे सांगत बसलो तर ते म्हणतात, "तू फवार ना भाऊ, वास आला पाहिजे." वास आला की काम झालं असं लोकांना वाटते. मी स्वतः सुरुवातीची पाच-सहा वर्षं तेच करून राहिलो होतो. गेलो, पंपाने सगळीकडे मारलं, एएमसीच्या (वर्षभराच्या कराराच्या) कार्डावर सही घेतली, निघालो. तीन महिन्यांनी तेच घर, तीच झुरळं, डोस दुप्पट. ते चुकीचं होतं हे आता कळते.

ताई, काही गोष्टी धंद्यातल्या सांगतो.

डबा बदलला म्हणजे औषध बदललं असं नाही. मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेला असतो, तो वाचा. तीन कंपन्यांचे तीन डबे आणि तिन्हीत सायपरमेथ्रिन, असं मी कितीदा पाहिलं.

ओट्याखाली फवारलं की झुरळं मरण्याआधी पसरतात. पाइपच्या भोकातून शेजारच्या घरी जातात, चार दिवसांनी परत येतात. आणि फवारलेल्या जागेवर जेल (विष मिसळलेलं मऊ खाद्य) लावलं तर ते जेलला तोंड लावत नाहीत. दोन्ही एका वेळी करणाऱ्याला घरात घेऊच नका.

जेलचे ठिपके मसुरीच्या दाण्याएवढे, जिथे झुरळं बसतात तिथेच: ट्रॉलीच्या बिजागरीपाशी, चॅनलच्या मागे, सिंकखालच्या कपाटाच्या वरच्या कोपऱ्यात, फ्रिजच्या रबराखाली, मिक्सरच्या बुडाशी. एक मोठा गोळा लावण्यापेक्षा वीस लहान ठिपके बरे. मुलाचा हात पोहोचेल तिथे नको. आपल्याकडे मे महिन्यात जेल चार दिवसांत वाळून कडक होते, मग त्याला कोणी विचारत नाही. म्हणून सावलीच्या बंद जागी लावा आणि आठवड्याने बोटाने दाबून बघा (हातमोजे घालून). कडक झालं असेल तर खरवडून नवीन लावा.

जेल खाऊन मेलेलं झुरळ आणि त्याची विष्ठा बाकीची खातात, पिलं तर हमखास. त्यातून विष पुढे जाते. फवारणीत हे होत नाही.

आणि कूलर. मी घरात शिरलो की पहिले कूलरच उघडतो. खसाच्या ताटीची खालची कड, पंपाची वायर जिथून आत जाते तो कोपरा, टाकीखालचं स्टँड. बॅटरी मारा, कळेल.

---

शेवंती
१० मे, संध्याकाळी ६:२०

दादा, कूलर उघडला. तुम्ही सांगितलं तिथेच, वायरच्या कोपऱ्यात, पिलंच पिलं, तिळाएवढी, काळपट. ताटीची खालची लाकडी पट्टी काढली तर मागून पंधरा-वीस पळाली. मी रडायचीच बाकी होते. पोरगं त्या कूलरसमोर झोपतं हो.

---

सहापाय
१० मे, रात्री ८:३०

ताई, धीर धरा. सापडली म्हणजे अर्धं काम झालं. मुलाच्या खोलीतला कूलर आजच उन्हात काढून धुवा. झुरळांची विष्ठा, लाळ, गळलेली कात, मेलेल्या झुरळांचा चुरा, या सगळ्यात ॲलर्जी आणणारी प्रथिनं असतात, आणि कूलरचा पंखा तोच चुरा थेट तोंडावर आणतो. धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

आता राहिलेला तिसरा मार्ग. मघाशी कातडीवरच्या मेणाच्या थराबद्दल लिहिलं. त्यात मुख्यतः लांब साखळीची हायड्रोकार्बन असतात. ती तयार करण्याच्या शेवटच्या टप्प्यावर एक विकर लागतं, सीवायपी४जी१९. हेही पी-४५० च्याच कुळातलं. संशोधकांनी जर्मन झुरळात या विकराचं जनुक दाबून टाकलं तेव्हा अंगावरची हायड्रोकार्बन घटली. ती झुरळं कोरड्या हवेत लवकर वाळून मरायला लागली, आणि त्याच झुरळांवर पायरेथ्रॉइडही जास्त चढायला लागलं.

म्हणजे पाणी आत धरून ठेवणारा आणि विष बाहेर अडवणारा थर एकच आहे. वरून टाकलेलं औषध त्या मेणातून झिरपल्याशिवाय मज्जातंतूपर्यंत पोचत नाही. जाड, चांगलं मेण असलेलं झुरळ तहानही जास्त सोसतं आणि फवारणीही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार वेळ डोक्यातून गेलं नाही. आपण दोन वेगळे प्रश्न समजत होतो, पाणी आणि प्रतिकारशक्ती. झुरळाच्या अंगावर ते एकाच पापुद्र्यात बसलेले आहेत.

जेल खाल्लं जातं, त्यामुळे त्याला हा दरवाजा ओलांडावाच लागत नाही. आणि आपण घर कोरडं केलं तर मेण कितीही चांगलं असो, त्याच्यावर सतत ताण राहतो. या दोन गोष्टी एकत्र करायच्या.

अंड्यांच्या डबीबद्दलही सांगतो. जर्मन झुरळाची मादी डबी शेवटपर्यंत अंगाला धरून फिरते, कारण डबीच्या आतल्या टोकातून तिच्या अंगातलं पाणी अंड्यांना मिळत असतं. डबी वेळेआधी सुटली तर अंडी बहुतेकदा वाळतात. तुमच्या तिवईवरची ती मादी स्वतःपुरतं पाणी पीत नव्हती. अमेरिकन झुरळाची डबी मात्र स्वतःचं पाणी घेऊन येते, म्हणून ती मादी डबी कुठेही चिकटवून निघून जाते.

---

वऱ्हाडी_कापूस
१० मे, रात्री ९:०५

मग सर, नुसतं पाणी तोडलं तर? औषधच नको.

---

सहापाय
१० मे, रात्री ९:५०

रिकाम्या, पूर्ण कोरड्या घरात जमेल. माणसं राहतात त्या घरात नाही. ओल्या भाजीची सालं, पोळीच्या डब्यातला वाफारा, न्हाणीघर, शेजाऱ्यांचं गळकं पाइप, यातून त्यांना थोडंफार मिळत राहतं. गटारातल्या अमेरिकन झुरळाची मादी तर अन्न-पाण्याशिवायही सहा आठवडे काढते. पाणी तोडण्याने संख्या खाली येते, उरलेली झुरळं जेलकडे वळतात. दोन्ही लागतं.

---

मृदगंध
११ मे, सकाळी ८:१५

बोरिक पावडरचं काय? आजी कणीक, साखर आणि कॅरमची पावडर मळून गोळ्या करायची. आणि हल्ली ते डायटोमेशियस अर्थ म्हणून पांढरी पूड विकतात, ती मेण सोलून काढते म्हणे.

---

सहापाय
११ मे, सकाळी १०:३०

दोन्ही खरे उपाय आहेत, पण ताईंच्या घरी जपून.

कॅरमवर टाकतात ती पावडर म्हणजे बोरिक ॲसिडच. झुरळ पायाला-मिशांना लागलेली पूड चाटून साफ करतं, त्यातून ती पोटात जाते, सावकाश मारते. आजीच्या गोळ्यांना माझा विरोध एवढ्यासाठीच की त्या पेढ्यासारख्या दिसतात आणि लहान मुलाच्या पोटात गेल्या तर घातक. शिवाय गोडाबद्दल एक गोष्ट. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस ग्लुकोज घातलेली विषारी आमिषं अचानक काही घरांत चालेनाशी झाली. १९९३ मध्ये सिल्व्हरमन आणि बिमन यांनी दाखवलं की त्या घरांतली झुरळं ग्लुकोजच टाळत होती आणि हा गुण पिलांत उतरत होता. २०१३ मध्ये कारणही सापडलं: त्यांच्या जिभेला, म्हणजे मुखांगांवरच्या कडू चव ओळखणाऱ्या पेशींना, ग्लुकोज कडू लागतं. विषाला प्रतिकार करण्याऐवजी त्यांनी ताटच नाकारलं. म्हणून एका जेलला तोंड लावत नसतील तर दुसऱ्या बनावटीचं जेल लावून बघा.

पांढऱ्या पुडीचं तत्त्व फार सुंदर आहे. ती मेण शोषून घेते, खरवडते, आणि झुरळ आतलं पाणी गमावून मरतं. शरीरातल्या विकरांनी पचवायला तिथे विषच नाही. पण ती कोरड्या फटीतच चालते. कूलरच्या ओलाव्यात आणि पावसाळ्यात तिचा जोर ओसरतो. पोहण्याच्या तलावाच्या गाळणीसाठी भाजलेली पूड विकतात ती अजिबात आणू नका, तिच्यातली स्फटिकी सिलिका फुप्फुसाला वाईट. दम्याच्या मुलाच्या घरात मी कोणतीच पूड उघड्यावर टाकणार नाही. स्विचबोर्डामागे वगैरे बंद पोकळीत, तीही माहीतगार माणसाने आणि मेन स्विच बंद करून.

---

संत्राबाग
११ मे, दुपारी ४:००

बंद खोलीत लावतात ते धुराचे बॉम्ब?

---

फवारणी_ते_जेल
११ मे, संध्याकाळी ५:३०

नका लावू. औषध जमिनीवर, ओट्यावर, भांड्यांवर बसते आणि झुरळं असतात फटीत.

---

सहापाय
११ मे, संध्याकाळी ६:१०

दादांचं बरोबर. २०१९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या घरांमध्ये याची नीट चाचणी झाली. बॉम्ब लावलेल्या घरांत झुरळं घटली नाहीत, उघड्या पृष्ठभागांवर मात्र कीटकनाशक साचलं. जेल लावलेल्या घरांत घटली.

त्याच वर्षी पर्ड्यू विद्यापीठाच्या मायकल शार्फ यांच्या गटाने इमारतींमध्ये सहा महिने प्रयोग केला. महिन्याला औषध बदलत गेले तिथे संख्या जेमतेम स्थिर राहिली. दोन औषधं एकत्र फवारली तिथे झुरळं वाढली. एकच जेल चाललं ते फक्त जिथे सुरुवातीला प्रतिकार कमी होता तिथे. आणि काही ठिकाणी एका पिढीत प्रतिकार चार ते सहा पट वाढला, तोही त्यांनी कधी न वापरलेल्या औषधांविरुद्ध. म्हणून मी फिरवाफिरवीवरही पूर्ण भरवसा ठेवत नाही. फटी बुजवणं, ओल काढणं, सापळे लावून मोजणं, आणि त्याबरोबर जेल.

ताई, चिकट सापळे लावा आणि आकडे लिहून ठेवा. डोळ्यांचा अंदाज फसवतो.

---

शेवंती
१६ मे, रात्री ११:००

सगळ्यांचे मनापासून आभार. दादांनीच सांगितलेल्या पद्धतीने एका माणसाकडून जेल लावून घेतलं, इंडॉक्साकार्ब नावाच्या औषधाचं. पुडीचा बेत सोडला. सहा सापळे लावले, पहिल्या रात्री मिळून ७३. सिंकखालच्या एकट्यात ३१.

रात्रीचं काम ठरवलं आहे. शेवटचं भांडं घासलं की सिंक कोरड्या फडक्याने पुसायचं, जाळीवर उलटी वाटी. ओला फडका आणि घासणी दोरीवर, ओट्यावर नाही. माठ रात्री परातीत, पाझरलेलं पाणी झोपताना ओतून टाकायचं. कूलरच्या ताट्या बदलल्या, टाकी दर दोन दिवसांनी पूर्ण रिकामी करून वाळवते. हे डासांसाठीही करायलाच हवं होतं.

२० तारखेला आम्ही अमरावतीला माहेरी निघतोय, तीन आठवडे घर बंद. सरांचा १२ दिवसांचा आकडा डोक्यात बसलाय. कूलर, माठ, बादल्या सगळं कोरडं करून, जाळ्या चिकटपट्टीने बंद करून निघते.

---

चौथा_मजला
१७ मे, सकाळी ९:३०

आमच्या सोसायटीत डक्टमधलं एक पाइप तीन वर्षं गळत होतं. ते दुरुस्त केल्यावर जो फरक पडला तो फवारणीच्या सगळ्या पैशांनी पडला नव्हता. तुमच्या सोसायटीत डक्ट उघडून बघायला सांगा.

---

शेवंती
१३ जून, रात्री ९:२०

आलो परत. जाताना लावलेले सापळे बघितले. सिंकखाली ४, ट्रॉलीत २, न्हाणीघरात एकही नाही, कूलरच्या जागी एकही नाही. ओट्यावर वाळलेली झुरळं पडली होती, हात लावला की चुरा होत होता.

पण फ्रिजच्या बाजूच्या सापळ्यात २६. मला कळेना. मग आठवलं: बाळाची औषधं आणि वर्षाचं लोणचं म्हणून फ्रिज चालू ठेवला होता. यांना घेऊन तो पुढे ओढला. मागे खाली कॉम्प्रेसरवर एक काळा ट्रे असतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. फ्रिजमधला बर्फ वितळून पाणी त्यात येतं. ट्रेमध्ये दोन बोटं पाणी, कोमट, वर तेलकट तवंग, कडेने मिरपूड सांडल्यासारखी घाण, आणि त्या कडेला ओळीने डोकी पाण्याकडे करून बसलेली. सगळं घर वाळवंट केलं आणि एक पाणवठा मीच चालू ठेवून गेले.

---

सहापाय
१३ जून, रात्री १०:०५

ताई, यात तुमची चूक नाही, मी आधी सांगायला हवं होतं. कॉम्प्रेसरची ऊब आणि तयार पाणी, त्यांना आणखी काय हवं. एका दृष्टीने हे चांगलं झालं. तीन आठवड्यांत बाकी घरातली संपली आणि उरलेली सगळी एका जागी सापडली. आता तिथेच काम करा.

---

फवारणी_ते_जेल
१४ जून, सकाळी ७:५०

प्लग काढून ट्रे सोडवा, साबणाच्या गरम पाण्याने धुवा. जेलचे ठिपके ट्रेच्या कंसावर, मागच्या पुठ्ठ्याच्या कडेला, रबराच्या खालच्या घडीत. वायरिंगवर नको. मे मध्ये लावलेलं इंडॉक्साकार्ब होतं ना? आता फिप्रोनिल या दुसऱ्या औषधाचं घ्या. पाऊस आला की ओल सगळीकडे होणार, त्याच्या आत आटपा.

---

शेवंती
१९ जुलै, रात्री १०:१५

सरांनी आकडे लिहायला सांगितले होते म्हणून देते. २१ जूनला सहा सापळ्यांत मिळून ११. ५ जुलैला ३. काल १, तेही मोठं, लालसर, मोरीतून आलेलं. जाळीची चिकटपट्टी पोराने काढली होती.

ट्रे दर रविवारी काढून धुते. सचिवकाकांना डक्टचं सांगितलं. काल प्लंबर आला होता, तिसऱ्या मजल्याच्या सिंकचा जोड गळत होता आणि पाणी आमच्या भिंतीवरून उतरत होतं. तो जोड बदलला. वरच्या काकूंच्या स्वयंपाकघरातही जेल लावायचं ठरलं आहे, त्या म्हणाल्या, शनिवारी किल्ली तुमच्याकडे ठेवून जाते.

पोराचा रात्रीचा खोकला कमी आहे. त्याचा दम्याचा पंप चालूच आहे, डॉक्टर ऑगस्टमध्ये परत बघणार आहेत.

---

वऱ्हाडी_कापूस
२० जुलै, सकाळी ६:४०

ताई, काल मी पण आमचा फ्रिज ओढला. ट्रे भरलेला. बायकोले दाखवला. आज जेल आणतो.